दंड भरून मोकळं व्हायचं नाही

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, हवालदार म्हणायलेत, गांजाचं कबूल करून टाका, दंड भरा, एका तारखेत मोकळं व्हा." समोर गिऱ्हाईक होतं म्हणून मी "बघू" म्हणून फोन ठेवला. आता बघून झालंय. काल परभणीला जाऊन वकील साहेबांकडे बसून आलो. कबूल करायचं नाही. का नाही, ते सविस्तर लिहितो. फोनवर बोलायला घेतलं की तुझी आई मधेच रडायला लागते आणि मुद्दा राहून जातो.

एफआयआरची नक्कल मी दोनदा वाचली. पुडीत १४ ग्रॅम गांजा, आणि १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याची कलमं ८(क), २०(ब) व २७. गांजाचं 'अल्प प्रमाण' एक किलोपर्यंत धरतात, त्यामुळे चौदा ग्रॅम म्हणजे त्यातही अगदी किरकोळ. कलम २० म्हणजे जवळ बाळगणं. त्याखाली जास्तीत जास्त एक वर्ष सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम २७ म्हणजे सेवन. गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असली प्रकरणं कोर्ट संक्षिप्त पद्धतीनं चालवू शकतं. त्यामुळे हवालदार खोटं बोलत नाहीत, खरंच एका तारखेत संपू शकतं. पण हेल्मेटची पावती फाडली आणि गाडी घेऊन निघालो, तसं हे नाही. कबुली दिलीस की कोर्ट तुला दोषी ठरवतं. दंड पाचशेचा असो की दहा हजारांचा, दोषसिद्धी तीच. हवालदारांचं काम त्या दिवशी संपतं. तुझं तिथून पुढं सुरू होतं.

काल रात्री मेडिकलचं शटर ओढून एच-१ चं रजिस्टर, म्हणजे ठराविक कडक औषधांच्या विक्रीची नोंदवही, लिहीत बसलो होतो. तू सुट्टीत किती वेळा लिहिलंयस ते. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, नग. ट्रामाडॉलच्या दहा गोळ्या, अल्प्राझोलामच्या पंधरा. कंटाळवाणं काम आहे आणि तीन वर्षं ते रजिस्टर जपून ठेवावं लागतं. पण याच गोळ्या संभाजीनगरात 'बटन' म्हणून गल्लीबोळांत विकल्या जातात आणि त्या ज्या १९८५ च्या कायद्यात येतात, त्याच कायद्याखाली आज तुझं नाव आहे. फार्मसिस्टकडं फार्मसी कौन्सिल जास्त कडक नजरेनं का बघतं, ते यातच आलं. त्या कपाटाची किल्ली आपल्या हातात असते.

फार्मसी कायदा १९४८ चा. त्याचं कलम ३६ वकील साहेबांनी मला वाचून दाखवलं. नाव नोंदवताना महत्त्वाची गोष्ट दडवली असेल, किंवा 'कोणत्याही गुन्ह्यात' शिक्षा झाली असेल आणि कार्यकारी समितीच्या मते तो माणूस नोंदवहीत राहायला अयोग्य असेल, तर नाव काढता येतं. आधी म्हणणं मांडायची संधी देतात, आपोआप काही होत नाही. पण 'कोणत्याही गुन्ह्यात' हे शब्द बघ. वकिलांच्या कायद्यात नैतिक अधःपतनाचा गुन्हा असं म्हटलंय, म्हणजे तिथं निदान वाद घालायला जागा आहे. चौदा ग्रॅम गांजा म्हणजे नैतिक अधःपतन का, यावर दोन वकील दिवसभर भांडतील. आपल्याकडं ती पायरीच नाही. तिथं थेट समितीला काय वाटतं यावर येतं, आणि लोकांचा जीव ज्याच्या मापावर चालतो त्याच्याबद्दल समितीनं तसं वागावं, हे मला मनातून पटतंसुद्धा. माझ्या दुकानात कामाला पोरगा ठेवायचा झाला तर मीही विचारीन.

तुझ्यामागं गाडीवर बसलेला तुझा मावसभाऊ नांदेडला एलएलबी करतोय. त्याच्या खिशात काही सापडलं नाही तरी नाव एफआयआरमध्ये आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियानं सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्या लॉ कॉलेजांना कळवलंय की शेवटची गुणपत्रिका आणि पदवी देण्याआधी विद्यार्थ्यानं आपल्यावरचा गुन्हा, चालू खटला, शिक्षा, इतकंच काय निर्दोष सुटका झाली असली तरी तीसुद्धा जाहीर करायची. त्याला शिक्षा लागलीच आणि ती नैतिक अधःपतनात मोजली, तर १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४-अ प्रमाणे सुटकेनंतर दोन वर्षं वकिलीची सनद नाही. त्याला मी वेगळा फोन करीन, तू काही शिकवायला जाऊ नकोस. लातूरला तुमच्यासोबत नीटची शिकवणी लावलेला तिसरा आता एमबीबीएसला आहे. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतही कोर्टानं दोषी ठरवणं हे गैरवर्तनात धरलंय. त्याचे वडील शहाणे आहेत, ते बघतील.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला पहिलीपेक्षा जास्त खटकली. तू म्हणालास, "एम. फार्मच्या फॉर्मात कोण विचारतंय, अन् विचारलं तर 'नाही' म्हणायचं." प्रवेशाच्या फॉर्मात गुण, अधिवास, जात, उत्पन्न यांचाच बाजार असतो, हे मान्य. पण कॉलेज दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना भरतं. वसतिगृह हमीपत्र घेतं. आणि तुला ज्याची हौस आहे ते औषध निरीक्षकाचं पद एमपीएससीतून भरतात. तिथं निवड झाल्यावर साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म, येतो. त्यात विचारतात, कधी अटक झाली होती का, खटला भरला होता का, दंड झाला होता का. प्रश्न फक्त शिक्षेचा नसतो. पोलिसांकडं सगळं संगणकावर आहे, आणि पडताळणी त्यांच्याकडूनच होते.

यावर सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा निकाल आहे, अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार. वकील साहेब म्हणाले, हा एक तरी घरी जाऊन वाच म्हणावं त्याला. अटक, खटला, शिक्षा याबद्दल विचारलं तर खरं सांगायचं, दडवायचं नाही, असं कोर्ट स्पष्ट म्हणतं. तरुण वयातली किरकोळ बाब असेल तर मालकानं ती सोडून द्यावी की नाही हे परिस्थिती बघून ठरवावं, असंही म्हणतं. खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच पाहिजे असं मात्र नाही. म्हणजे खरं सांगून कधी कधी नुकसान होईल. पण दडवलेलं पाच वर्षांनी निघालं तर गांजा बाजूला राहतो आणि खोटारडेपणा हाच मुख्य गुन्हा होऊन बसतो. नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर असं पत्र हातात पडलेली माणसं मी पाहिलीत. नावं लिहीत नाही.

मग करायचं काय? वकील साहेबांच्या मते सगळी ओढाताण २० आणि २७ यांच्यात आहे. १८ वर्षांवरच्या माणसाला या कायद्यात परिविक्षेचा, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा फायदा सहसा मिळत नाही. कलम ३३ त्याच्या आड येतं. पण २७ ला त्यातून सूट आहे. समजा सगळं उलटं गेलं, आणि शेवटी फक्त सेवनच शाबित झालं, तर १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली सोडा, अशी विनंती करता येते. तसं झालं तर त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं की दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. तुझ्या मावसभावाच्या २४-अ मध्येही ही सवलत स्पष्ट लिहिली आहे. आणि तू पहिल्याच तारखेला सगळ्या कलमांना "हो साहेब" म्हणून आलास तर ही वाट तूच बुजवून आलास. त्याआधी प्रयोगशाळेचा अहवाल यायचाय, झडती कशी घेतली, पंच कोण होते, सील कुठं झालं, हे सगळं बघायचंय. वेळ लागेल. लागू दे.

एक विचारतो, रागानं नाही. सवय लागली आहे का? एकदा ओढलं असेल तर तसं सांग, रोजचं असेल तर तसं सांग. व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त दवाखान्यात उपचार घ्यायला तयार असेल, तर अल्प प्रमाणाच्या आणि सेवनाच्या गुन्ह्यात कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, घाटीत, मानसोपचार विभाग आहे, तिथं नको वाटलं तर अंबाजोगाईला जाऊ, मी सोबत येतो. पण केसमधून सुटण्यासाठी व्यसनी असल्याचं नाटक करायचं नाही. वकिलानं सुचवलं तरी नाही. त्याचे कागदही राहतातच.

अमेरिकेचं स्वप्न सध्या बाजूला ठेव. खटला चालू असताना पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी काढावी लागते, आणि तिथल्या व्हिसाच्या अर्जात अटकेबद्दल विचारतात, नुसत्या शिक्षेबद्दल नाही. तुझा मित्र म्हणतो तिकडं गांजा दुकानात मिळतो. मिळत असेल काही राज्यांत, पण व्हिसा त्यांचं केंद्र सरकार देतं आणि त्यांच्या कायद्यात तो अजून अमली पदार्थच आहे.

मामाचा फोन आला तर "बाबांशी बोला" एवढंच सांग. तो आमदाराकडून फोन लावतो म्हणतोय. मी नको म्हटलंय. कबुलीचा कागद असो, कोरा असो, वकील साहेब शेजारी नसतील तर कशावरही सही करू नकोस. जामिनाच्या आदेशाची एक प्रत खोलीत ठेव, एक मला पाठव. कॉलेजात हजेरी सोडू नकोस. प्राचार्यांनी विचारलं तर केस आहे, वकील दिला आहे, एवढं खरं सांग, बाकी तपशील वकील सांगतील म्हण.

सोयाबीनचे पैसे अजून आले नाहीत, तरी वकिलाची फी मी दिली आहे, तू तिकडं कुणाकडं उसने मागत बसू नकोस. तारखेच्या आदल्या रात्री मी येतोय. खोलीत झोपायला जागा कर, आणि वर विचारलंय त्याचं उत्तर तेव्हा तोंडी दे, आईसमोर नको.

तुझे,
बाबा