विद्यावेतनाआधी विचारा, शिकवणार कोण?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शिकाऊ उमेदवारीसाठी अर्ज कसा भरावा, कागदपत्रं कोणती जोडावीत, मुलाखतीत काय बोलावं, यावर आपल्या करिअर पुरवणीत आलेला मजकूर वाचला. उपयोगाचा आहे, तक्रार नाही. पण त्यात सगळी परीक्षा उमेदवाराची आहे. उमेदवाराने मालकाची परीक्षा कशी घ्यावी, यावर एक ओळही नाही. माझं नोकरीतलं बरंचसं आयुष्य वर्कशॉपमध्ये शिकाऊ मुलामुलींना शिकवण्यात गेलं. बऱ्या मालकाकडे लागलेलं मध्यम पोरगं, नुसतं राबवून घेणाऱ्याकडे लागलेल्या हुशार पोराच्या पुढे गेलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

घरचे लोक बहुधा दोनच गोष्टी बघतात, कंपनीचं नाव आणि विद्यावेतनाचा आकडा. पण नाव कितीही मोठं असलं तरी मुलगा शिकतो तो एका खात्यात, एका माणसाच्या हाताखाली. तो माणूस कोण, हे आधी विचारावं. आणि लगेच पुढचं विचारावं, त्याला शिकवायला वेळ दिलेला आहे का? ज्याच्या डोक्यावर रोजच्या उत्पादनाचं पूर्ण टार्गेट आहे, त्याच्या गळ्यात शिकाऊ मुलगा बांधला तर तो कितीही भला असो, ‘बाजूला उभा राहा आणि बघ’ यापलीकडे जाणार नाही. त्यात त्याचा दोष नाही. हात बसायचा तर मशीन थोडा वेळ अडकून राहणार, चार जॉब, म्हणजे करायला घेतलेले नग, बिघडणार, मटेरियल वाया जाणार. हा खर्च कुणीतरी सोसावाच लागतो. बरा मालक तो आधीच धरून चालतो. दुसरा मालक तो त्या शिकवणाऱ्याच्या माथी मारतो, आणि मग शिकाऊ पोराच्या हातात झाडू येतो.

मुलाखतीत एक साधा प्रश्न टाकून बघावा: ‘पहिल्या तीन महिन्यांत मी काय शिकेन?’ आधी मोजमाप आणि मार्किंग, मग फाइलिंग म्हणजे कानशीने घासणं, मग ड्रिलवर, लेथला, म्हणजे कातकामाच्या मशीनला, हात इतक्या महिन्यांनी, असं नेमकं उत्तर आलं तर समजावं की इथे कुणीतरी विचार केलेला आहे. ‘आमच्याकडे सगळंच शिकायला मिळतं’ असं ऐकू आलं तर सावध व्हावं. सगळंच शिकवणाऱ्यांकडे पॅकिंग आणि माल चढवणं-उतरवणं फार चांगलं शिकायला मिळतं, असा माझा अनुभव आहे. प्रश्न ऐकूनच ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याच्याबद्दल मी वेगळं काय सांगू?

मग खात्यातून एक फेरी मारू द्या म्हणावं आणि डोळे उघडे ठेवावेत. जुने, कसलेले कारागीर किती आणि शिकाऊ किती? दहा शिकाऊ आणि दोनच अनुभवी दिसले तर ती शिकण्याची जागा नाही, ती स्वस्त मजुरीची सोय आहे. हे केवळ माझं मत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२३ मध्ये दर्जेदार शिकाऊ प्रशिक्षणाबद्दल जी शिफारस (क्रमांक २०८) स्वीकारली, तिच्यात कामाच्या जागी शिकाऊ आणि कामगार यांच्या संख्येत योग्य प्रमाण असावं, असं म्हटलेलं आहे. लेखी करार, पुरेसा मोबदला, कामाच्या तासांची मर्यादा, सुरक्षितता हेही त्यात आहे. फेरीतच मशीनवरचे गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली झाकणं, जागेवर आहेत का, लोकांच्या डोळ्यांवर चष्मे आहेत का, तेही दिसतं. गार्ड काढून ठेवलेला असेल तर पुढचं काही विचारत बसू नये.

सगळ्यात खरी माहिती मिळते ती आधीच्या तुकडीकडून. मालकाने स्वतः बोलावून समोर बसवलेला मुलगा गोडच बोलणार. पाळी सुटताना गेटवर भेटणारा खरं सांगतो. शिकून बाहेर पडलेले आज कुठे आहेत, आणि अर्ध्यातून सोडून गेले ते का गेले, हे दोन प्रश्न त्याला विचारावेत. मला स्वतःला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं.

मालकावर किती अवलंबून असतं याची इतिहासातली दोन उदाहरणं मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. पुढे विजेचा थोर शास्त्रज्ञ झालेला मायकल फॅरडे १८०५ मध्ये, चौदाव्या वर्षी, लंडनमध्ये जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्या बाइंडरकडे सात वर्षांच्या उमेदवारीला लागला. रिबोने त्याला बांधणीला आलेली पुस्तकं वाचू दिली, फावल्या वेळात प्रयोगही करू दिले. विजेची गोडी त्याला लागली ती तिथल्याच पुस्तकांतून. पुढे दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली आणि १८१३ मध्ये तो डेव्हीच्याच रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत रुजू झाला. बांधणीच्या कामात त्याने कुचराई केली असंही नाही. डेव्हीला पाठवलेली व्याख्यानांची टिपणं त्याने स्वतःच्या हाताने बांधली होती.

दुसरा बेंजामिन फ्रँकलिन, पुढे अमेरिकेचा नामवंत शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी झालेला. बाराव्या वर्षी तो बॉस्टनमध्ये सख्ख्या थोरल्या भावाच्या, जेम्सच्या, छापखान्यात लागला. करार एकविसाव्या वर्षापर्यंतचा होता. भाऊ मारायचा. पुढे जेम्सवर वर्तमानपत्र छापायला बंदी आली. तेव्हा पत्र बेंजामिनच्या नावाने चालावं म्हणून जेम्सने जुना करार उघडपणे रद्द केला आणि उरलेल्या मुदतीचा नवा करार गुपचूप करून घेतला. हा गुप्त कागद भाऊ चारचौघांत काढू शकणार नाही, हे पोराने ओळखलं आणि १७२३ मध्ये तो निघून गेला. गावातल्या इतर छापखानदारांनी त्याला काम देऊ नये, याची तजवीज जेम्सने आधीच केली होती. नातेवाइकाकडेच लावतोय, काळजी नाही, असं म्हणणाऱ्या पालकांनी ही गोष्ट जरूर वाचावी. आणि ज्या कराराची प्रत तुमच्या हातात देत नाहीत, त्यावर सही करू नये. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणाऱ्याकडे किंवा अनामत मागणाऱ्याकडे तर पुन्हा पाऊलही टाकू नये.

कायद्याची थोडी माहिती असली की मालकाचं बोलणं पारखायला सोपं जातं. भारताच्या १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे, आणि त्याला नगावर पैसे देता येत नाहीत. हे कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. नगाचा हिशेब आला की पोरगं जे येतं तेच दिवसभर करत बसतं, नवीन काही धरतच नाही. ‘जितके नग तितके पैसे’ असं आमिष दाखवणारा मालक उदार वाटतो, पण तो शिकवण्यातून अंग काढून घेत असतो. त्याच कायद्यात, मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं सरसकट बंधन मालकावर नाही; मात्र २०१४ च्या दुरुस्तीनंतर शिकून झालेल्यांना घेण्याबाबत प्रत्येक मालकाने आपलं धोरण ठरवायचं आहे. तेव्हा ‘नंतर पर्मनंट करू’ या तोंडी आश्वासनावर न जाता, धोरण काय आहे, असं सरळ विचारावं. ‘जागा निघाली तरच घेऊ’ असं स्पष्ट सांगणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

जर्मनीचा शिकाऊ प्रशिक्षणाचा कायदा मूळ १९६९ चा, २००५ मध्ये नव्याने केलेला. शिकाऊ मुलाला प्रशिक्षणाला उपयोगी पडतील आणि त्याच्या अंगाला झेपतील तीच कामं द्यावीत, असं त्यात आहे. सुरुवातीला एक ते चार महिन्यांचा परीक्षाकाळ असतो आणि त्यात दोन्ही बाजूंना करार मोडता येतो. आपण काय शिकलो याची नोंद मुलाने ठेवायची असते. ही वही तर कुठल्याही देशातल्या मुलाने ठेवावी, कुणी सांगितलं नाही तरी. सहा आठवडे वहीत तेच काम दिसलं की खातं बदलून मागायला हातात पुरावा असतो.

छोटं वर्कशॉप बरं की मोठा कारखाना, हेही लोक विचारतात. मालक स्वतः हात काळे करणारा असेल तर मी छोट्याच्या बाजूचा आहे. तिथे जॉब रोज वेगळा येतो. मोठ्या ठिकाणी प्रशिक्षणाचं खातं वेगळं असतं, पण मुलगा एकाच मशीनवर वर्ष काढतो की काय, हे बघावं लागतं.

यावर कुणी म्हणेल, जागा मुळात मिळते कुठे, इथे निवड करायला वाव कोणाला? खरं आहे. पण मिळेल ती जागा धरली तरी हे प्रश्न पहिल्या महिन्यात विचारता येतात, आणि विचारणाऱ्या पोराला खात्यात थोडं जपूनच वागवतात, हे मी पाहिलेलं आहे.

आपल्याला एक विनंती. शिकाऊ उमेदवारांच्या जाहिराती आपल्या पत्रात नियमित येतात. जाहिरातदारांकडून आणखी दोन ओळी मागून घ्याव्यात: मागच्या तुकडीतले किती जण मुदत पूर्ण करून बाहेर पडले, आणि प्रशिक्षण कोणाच्या देखरेखीखाली होणार, त्याचा हुद्दा आणि अनुभव. या ओळी कोणी द्यायला नकार दिला, तर जाहिरातीत ती जागा कोरी छापावी.

आपला,
एक निवृत्त कार्यशाळा-प्रशिक्षक