रोजची गोळी मध्येच तुटू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रक्ताचा कर्करोग म्हटले की केमो आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट, यापलीकडे आपल्याकडे चर्चा जात नाही. मायलोफायब्रोसिस या रक्ताच्या दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण तर त्यात कुठेच नसतात, म्हणून हे पत्र.

माझ्या थोरल्या भावाला, अण्णांना, हा आजार आहे. हाडांतल्या मगजात तंतूंचे जाळे साचते, तिथे रक्त पुरेसे तयार होईना की ते काम पोटातली डाव्या बाजूची प्लीहा (पाणथरी) अंगावर घेते आणि वाढत जाते. अण्णांना अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च व्हायचे. रात्री घामाने बनियन पिळावे इतके भिजायचे. डॉक्टर डाव्या बरगडीखाली हात ठेवून प्लीहा किती बोटे खाली आली ते मोजायचे.

२००५ मध्ये जॅक-२ या जनुकातला बिघाड सापडला आणि या आजाराचे कोडे बरेच उलगडले. पेशींना निरोप पोचवणारी ही यंत्रणा सतत चालू राहते, रक्तात इंटरल्यूकिन-६, टीएनएफ असे दाह पेटवणारे रेणू वाढतात. घाम, ताप, खंगणे, थकवा येतो तो त्यांच्यामुळे. रुक्सोलिटिनिब ही गोळी नेमकी ही यंत्रणा रोखते. अमेरिकेत तिला नोव्हेंबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तिथल्या मुख्य चाचणीत २४ आठवड्यांनी सुमारे ४२ टक्के रुग्णांची प्लीहा निदान ३५ टक्क्यांनी आकसली; नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण एक टक्काही नव्हते. अण्णा आता पोटभर जेवतात. हिमोग्लोबिन मात्र उतरले, अधूनमधून रक्त चढवावे लागते.

ही गोळी रोगाचे मूळ उपटत नाही. ते फक्त ट्रान्सप्लांटने साधू शकते, आणि उतारवयात बहुतेकांना ते झेपत नाही. म्हणजे गोळी रोज, वर्षानुवर्षे. ती एकाएकी थांबली तर काही दिवसांत सगळी लक्षणे उसळून येतात, कधी जिवावर बेततात. आणि नेमके हेच घडते. तालुक्याच्या दुकानात माल नसतो, पैसे संपले की माणसे गोळ्या पुरवून पुरवून घेतात. सरकारी विमा योजना मुळात रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आखलेल्या. घरी घ्यायच्या या गोळीचा खर्च बऱ्याचदा घरावरच पडतो.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. शरीरात निद्रिस्त असलेल्या क्षयाच्या जंतूंना हाच दाह आवरून धरत असतो. तो दाबला की क्षय जागा होऊ शकतो. औषध सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी व्हायलाच हवी आणि खोकला-ताप रेंगाळला तर अंगावर काढता कामा नये. आपल्या देशात तर हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे. आम्हाला ते तिसऱ्या डॉक्टरांकडून कळले.

जिल्हा रुग्णालयाच्या औषध खिडकीवर ही गोळी दरमहा न चुकता मिळावी आणि सोबत गोळी एकाएकी थांबवू नये आणि क्षयाकडे लक्ष ठेवावे, या दोन्ही सूचना मराठीत छापून द्याव्यात. आपल्या वृत्तपत्राने हा विषय आरोग्य खात्याकडे लावून धरावा, ही विनंती.

– एक वाचक, मिरज