सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या आमच्या हजानकाकांना, बाळाच्या पिद्योनबद्दल

प्रिय काका आणि काकू,

शालोम.

बाळाचा पिद्योन हाबेन, म्हणजे पहिला मुलगा सोडवून घ्यायचा विधी, व्यवस्थित पार पडला, तो तुमच्यामुळे. आपल्या बेने इस्राएल ज्यू घरांत पहिला मुलगा झाला की नेमकं काय करायचं, हे सांगणारं माणूस हल्ली पटकन भेटत नाही. त्यात आपल्यात कोहेन, म्हणजे पुरोहित घराणीच नाहीत, आणि मुलगा सोडवून घ्यायची पाच शेकेल (जुनं वजन) चांदी द्यायची ती कोहेनच्याच हातात! कामानिमित्त मुंबईत आलेल्या एका कोहेन गृहस्थांना तुम्ही गाठलंत. विधीचा, म्हणजे बाळाचा एकतिसावा दिवस शब्बाथला, शनिवारी येत होता आणि तेव्हा हा विधी करत नाहीत, म्हणून रविवार धरलात. यांना सराफाकडे नेऊन प्रत्येकी 24 ग्रॅमची पाच नाणी करवून घेतलीत. थोड्या कमी चांदीतही भागलं असतं, पण सगळी मतं सांभाळली जावीत हा तुमचा आग्रह.

पण माझे खरे आभार वेगळ्याच गोष्टीसाठी आहेत. हा विधी आईच्या पहिल्या बाळंतपणाचा. सिझेरियन झालं असेल तर तो करत नाहीत, आणि आधी गर्भपात झाला होता का, हेही बघावं लागतं. तो प्रश्न तुम्ही मला चारचौघांत विचारला नाहीत. काकू आल्या, बाळाचं अंग चोळता चोळता त्यांनी विषय काढला. मला आधी दिवस राहिले होते, पण लगेचच गेलं. सासूबाईंनाही मी बोलले नव्हते. काकूंपाशी मात्र बोलता आलं. तुम्ही रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना विचारलंत. चाळीस दिवसांच्या आत गेलेला गर्भ पिद्योनच्या आड येत नाही, हे कळलं तेव्हा मी किती रडले, ते काकूंना माहीत आहे. आता मीच सगळ्यांसमोर लिहितेय, कारण हे न विचारताच गप्प बसणाऱ्या आणखी कुणी असतील.

तुम्ही कोहेनना आधीच कल्पना दिली होतीत. त्यांनी मला एवढंच विचारलं, "हा तुमचा पहिला मुलगा ना?" मी मोठ्याने "हो" म्हटलं. मग यांना विचारलं, "मुलगा हवा की पाच शेकेल?" उत्तर पाठ होतं, तरी यांचा आवाज कापत होता.

जेवणं चालू असताना तुम्ही पोरांना आपल्या धर्मग्रंथातल्या गणनेच्या पुस्तकातला हिशोब सांगत होतात, तोही ऐकला: इस्राएलचे पहिले मुलगे 22,273, त्यांच्या बदली देवाच्या सेवेला घेतलेले लेवी वंशातले 22,000, म्हणून उरलेल्या 273 जणांमागे पाच-पाच शेकेल. इतकी वर्षं गणना वाचतेय, पण ही वजाबाकी कधी लक्षातच आली नव्हती.

माझ्या अलिबागच्या मावसबहिणीला सातवा महिना आहे, पहिलीच वेळ. तिला तुमचा नंबर दिलाय. फोन आला तर आधी काकूंकडे द्या.

तुमची,
बाळाची आई