बाबाच्या दारात माणूस का जातो? गृहमंत्र्यांना एक खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : बुवाबाजीवरच्या मालिका, त्या पाहणारे लोक आणि जादूटोणाविरोधी कायद्यातले दक्षता अधिकारी

महोदय,

बुवाबाजीवरचा एखादा गुन्हेगारी मालिकेचा भाग येऊन गेला की दुसऱ्या दिवशी दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, आमच्या भावना दुखावल्या, बंदी घाला. दुसरा म्हणतो, लोक इतके मूर्ख असतातच कसे? पहिला आवाज निवेदन घेऊन पोलीस ठाण्यात जातो, त्याची पोच मिळते, बातमी होते. दुसरा कट्ट्यावर जिरून जातो. मी लिहिते आहे ते मालिका पाहून गप्प झालेल्या प्रेक्षकांबद्दल. त्यांची प्रतिक्रिया कुठेच नोंदली जात नाही आणि ती नोंदवून घेण्याची यंत्रणा कायद्याने तुमच्याच खात्याकडे दिलेली आहे.

'आश्रम' ही मालिका ऑगस्ट २०२० मध्ये आली. टाळेबंदीच्या दिवसांत ती घराघरांत पाहिली गेली. तिच्यातला बाबा निराला आणि त्याचे 'जपनाम' इतके पसरले की शाळकरी मुलेही एकमेकांना तसा नमस्कार घालू लागली. त्या हशात मालिकेची सुरुवात लोक विसरले. एका दलित कुटुंबाच्या वरातीवर गावातले वरच्या जातीचे लोक हल्ला करतात, पोलीस टोलवाटोलवी करतात आणि अशा वेळी बाबा त्यांच्या मदतीला उभा राहतो. कुस्तीगीर पम्मी (ती भूमिका आपल्या आदिती पोहनकरने केली आहे) त्या बाबाला देव मानते. तिने का मानू नये? तिच्या घरच्यांचा मान राखणारा तो पहिला माणूस असतो. पुढे तोच तिचा घात करतो आणि तोवर बाहेर पडायच्या सगळ्या वाटा बंद झालेल्या असतात.

'शिकलेली माणसे यात सापडतात कशी?' या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. बाबाच्या दारात माणूस बहुधा आधी दुसरी दारे ठोठावून आलेला असतो. मूल होत नाही, दवाखान्याचा खर्च झेपत नाही, जमिनीचा वाद कोर्टात अडकला आहे, नवरा पितो आणि मारतो. पोलीस ठाण्यात 'घरचं आहे, घरात मिटवा' असे ऐकून परतलेल्या बाईला दरबारात निदान बसायला सतरंजी मिळते आणि कोणीतरी तिचे ऐकून घेतो. त्या ऐकून घेण्याची किंमत तिच्याकडून नंतर वसूल होते. म्हणून प्रेक्षक जेव्हा त्या बायकांना मूर्ख म्हणतात तेव्हा मला राग येतो. मूर्खपणाचे नाव देऊन आपण शासनाला मोकळे सोडतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये भोपाळला याच मालिकेच्या चित्रीकरणावर हल्ला झाला, गाड्या फोडल्या गेल्या, दिग्दर्शक प्रकाश झा यांच्यावर शाई फेकली गेली. त्यानंतर मध्य प्रदेशच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी मालिकेच्या नावालाच आक्षेप घेतला आणि धार्मिक भावना दुखावणारी दृश्ये असतील तर ती आधी प्रशासनाला दाखवावीत, असे सांगितले. महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांनी असे कधीही म्हणू नये, ही माझी पहिली विनंती. ज्याची खरी श्रद्धा आहे त्याला भोंदूचे पितळ उघडे पडल्याने काय धक्का बसणार? गाडगेबाबांनी कीर्तनातून भोंदूंना झोडपले तेव्हा वारीतला एकही माणूस कमी झाला नाही. तरीही कोणाला तक्रार करायची असेल तर जरूर करू द्या, फक्त तिच्यावर पाऊल उचलण्याआधी जबाबदार अधिकाऱ्याने तो भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावा. २०२४ च्या जूनमध्ये 'महाराज' या चित्रपटाचे प्रदर्शन गुजरात उच्च न्यायालयाने आधी थांबवले. मग न्यायमूर्तींनी तो स्वतः पाहिला, आक्षेपार्ह काही आढळले नाही आणि आठवड्याभरात स्थगिती उठली.

त्या चित्रपटामागचा खटला आपल्या मुंबईतलाच. १८६० मध्ये करसनदास मुळजी यांनी 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात वैष्णव महाराजांकडून भक्तांच्या घरच्या स्त्रियांचे शोषण होते असे लिहिले, तेव्हा जदुनाथजी महाराजांनी ५०,००० रुपयांचा बदनामीचा दावा लावला. १८६२ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात तो चालला. करसनदासांच्या बाजूने साक्ष द्यायला डॉ. भाऊ दाजी लाड उभे राहिले. महाराजांवर गुप्तरोगाचे उपचार केल्याचे त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितले. करसनदास जिंकले. पण ज्या स्त्रियांसाठी हे सगळे झाले त्या कुठे होत्या? भर कोर्टात उभे राहून नाव सांगण्याची त्यांची परिस्थितीच नव्हती. सुमारे एकशे चाळीस वर्षांनीही ती फारशी बदललेली नव्हती. २००२ मध्ये हरियाणातल्या सिरसाच्या डेऱ्यातल्या एका साध्वीने डेऱ्याच्या प्रमुखाने केलेल्या बलात्कारांबद्दल पंतप्रधानांना पत्र लिहिले ते निनावीच. ते 'पूरा सच' या आपल्या वृत्तपत्रात छापणारे पत्रकार रामचंदर छत्रपती यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि त्यात त्यांचा जीव गेला. डेऱ्याचा प्रमुख गुरमीत राम रहीमला त्या बलात्कारांसाठी शिक्षा झाली २०१७ मध्ये, पत्रानंतर पंधरा वर्षांनी.

महाराष्ट्रात तरी बाईला निनावी पत्राचा आधार घ्यावा लागू नये म्हणून आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी उभी हयात झिजवली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत जे लिहिले आहे ते मालिकांच्या लेखकांनी वाचावे असे आहे. आपण अवतार आहोत असे भासवून, किंवा 'गेल्या जन्मी तू माझी पत्नी होतीस' असे सांगून शरीरसंबंध ठेवणे. मूल न होणाऱ्या बाईला अलौकिक शक्तीने आई करतो असे सांगून संबंध ठेवणे. हे सगळे त्यात गुन्हे म्हणून नोंदलेले आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. आणि कलम ५ प्रमाणे शासन एका किंवा अनेक पोलीस ठाण्यांसाठी दक्षता अधिकारी नेमू शकते. त्याने आपल्या हद्दीत असे प्रकार शोधायचे, थांबवायचे, पुरावे गोळा करायचे.

महोदय, हा अधिकारी लोकांना माहीत नाही. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी असाच एक भाग पाहिल्यावर रात्री माझ्याजवळ येऊन विचारले, 'हे आता सांगितलं तर कोण ऐकेल?' प्रकार जुना होता, दुसऱ्या जिल्ह्यातला. त्या वेळी त्यांना ठाण्यात विचारले गेले होते, 'तुम्ही आपल्या पायानेच गेला होतात ना?' एवढ्या प्रश्नावर त्या परत फिरल्या होत्या. दक्षता अधिकारी नावाचे पद आहे, हे तेव्हा त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि मी सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना. अशा प्रेक्षक घरोघरी आहेत. रात्रीचा तो भाग त्यांच्यासाठी करमणूक नसतो. बोलायचे बळ त्यांना त्या एका रात्री येते, सकाळी डबे आणि पाणी भरण्याच्या गडबडीत ते ओसरते.

म्हणून मागणी करते. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दर्शनी भागात, जिथे माहितीच्या अधिकाराचा फलक असतो तिथेच, दक्षता अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक मराठीत लिहा. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी फिर्याद इथे घेतली जाईल, हेही त्याच फलकावर असू द्या. आसाराम बापूवरच्या बलात्काराच्या प्रकरणात घटना जोधपूरच्या आश्रमातली होती आणि गुन्हा दिल्लीत नोंदला गेला, म्हणून पीडित मुलगी न्यायालयापर्यंत पोहोचली. आता तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने ही सोय स्पष्टच केली आहे. ठाण्यातल्या हवालदारांना मात्र ती शिकवावी लागेल. 'आपल्या पायानेच गेलात ना' हा प्रश्न विचारायचा नाही, हेही शिकवावे लागेल.

दुसरे असे की यातल्या कितीतरी मालिका मुंबईत बनतात. निर्मात्यांना बोलावून घ्या आणि विनंती करा की असा भाग संपला की पडद्यावर १८१ (महिलांसाठी), १०९८ (मुलांसाठी) आणि ११२ (तातडीची मदत) हे क्रमांक यावेत, सोबत कायद्याची दोन वाक्ये यावीत. तंबाखूसाठी हे होतेच आहे. १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवरही धूम्रपानाचे दृश्य असले की तीस सेकंदांचा इशारा दाखवावा लागतो. इथे मी सक्ती मागत नाही, कारण सक्तीचा दरवाजा उघडला की त्यातून कात्रीही आत येते. पण तुमच्या शब्दाला वजन आहे आणि निर्माते नाही म्हणतील असे मला वाटत नाही.

आणि त्या क्रमांकावर फोन आला तर पलीकडच्या माणसाला हा कायदा माहीत असायला हवा. नाहीतर ती बाई पुन्हा दरबाराच्या सतरंजीवर जाऊन बसेल.

राज्यातल्या किती पोलीस ठाण्यांत आज दक्षता अधिकारी नेमलेला आहे आणि २०१३ पासून त्यांनी किती गुन्हे दाखल केले, याची जिल्हावार यादी आपण विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सातारा