पदवीचे मोल उशिरा, कर्जाचा हप्ता आधी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरात दर वर्षी तोच वाद नव्याने रंगतो : लाखो रुपये घालून चार वर्षांनी अभियंता व्हायचे, की आयटीआय करून लवकर मशीनवर उभे राहायचे? शिवाजी उद्यमनगरात माझे छोटे मशीन शॉप आहे आणि दोन्ही वाटांनी आलेली मुले तेथे काम करतात, म्हणून हे पत्र.

पहिल्या दोन-तीन वर्षांपुरते पाहिले तर आयटीआयची बाजू घेणारे खरे बोलतात. शिकाऊ उमेदवारी पुरी करून आलेला टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर, आठवड्याभरात कामाला लागतो. पदवीधराला मात्र फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर (ओतीव भागावर) मशिनिंगसाठी, म्हणजे मशीनवर कापून नेमक्या मापाला आणण्यासाठी, किती जादा धातू सोडलेला असतो, येथपासून सांगावे लागते. पगार दोघांना जवळपास सारखाच, कारण जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांची कामे मजुरीवर, करणाऱ्याला त्याहून अधिक परवडत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी मात्र फरक पडू लागतो. फिक्श्चर (काम मशीनवर घट्ट धरून ठेवणारे साधन) कसे असावे, एकच कास्टिंग वारंवार रिजेक्ट का होते, गिऱ्हाइकाकडून येणारा ऑडिटर काय विचारणार, असे प्रश्न ज्याला सोडवता येतात त्याच्याकडे जबाबदारी जाते, आणि तेथे पदवीचा अभ्यास मन लावून केलेला मुलगा पुढे सरकतो. (माझा सर्वांत भरवशाचा माणूस नववी नापास आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.)

अडचण अशी की ज्याच्या घरावर कर्ज आहे, त्याला तेवढा काळ थांबता येत नाही. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरात सुरू होते. पदवीचा उपयोग दिसू लागण्याच्या कितीतरी आधी. राधानगरी तालुक्यातील एक हुशार मुलगा माझ्याकडे होता. दीड वर्षात, काम हाती बसू लागले तोच, महिना चार हजार रुपये जास्त मिळतात म्हणून तो चाकणला गेला आणि तेथे एकाच मशीनवर अडकला. त्याला दोष कसा द्यावा? सोसायटीचे पीककर्ज वळते होऊन उरलेल्या ऊसबिलातून घर चालत होते. निम्मे शिक्षणशुल्क शिष्यवृत्तीतून भागले होते, तरीही कर्ज झाले, आणि त्यातला मोठा भाग खोलीभाडे, खानावळ आणि लॅपटॉप यांचा होता.

आपल्याकडील चर्चा फीपाशीच थांबते, हे मला खटकते. राज्य सरकारने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल तसेच सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय स्वागतार्हच आहे. पण शाहूवाडी किंवा चंदगडच्या मुलीने रोज घरून ये-जा करायची म्हटले तर दिवस एसटीतच जाईल आणि शहरात राहायचे म्हटले तर खोलीचे भाडे माफ होत नाही. निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत, पण भत्ता जमा होईपर्यंत खानावळवाला थांबत नाही.

ही गोष्ट कोल्हापूरला तरी नव्याने सांगावी लागू नये. राजर्षी शाहू महाराजांचा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश १९१७ चा. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याच्या १६ वर्षे आधी, १९०१ मध्ये सुरू झाले होते. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम बोर्डिंग आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह झाले. खेड्यातला मुलगा अडतो तो राहण्या-जेवणापाशी, हे ओळखून महाराजांनी त्याची सोय आधी केली होती. दसरा चौकात त्यातील वास्तू आजही उभ्या आहेत, आणि आपण त्यांच्यासमोरून जाताना महाविद्यालयाची फी किती वाढली याची चर्चा करतो.

शिवाजी विद्यापीठ, महापालिका, जिल्ह्यातील साखर कारखाने आणि आमच्या उद्योजकांच्या संघटना यांनी एकत्र बसून माफक खर्चाच्या नव्या बोर्डिंगांचा विचार करावा, ही विनंती. उद्यमनगरातील कारखानदारांनी मिळून चाळीस मुलांचे एक बोर्डिंग चालवायला घेतले, तर दोन मुलांच्या जेवणाचा वर्षाचा खर्च मी देईन आणि सुट्टीत त्यांना शॉपमध्ये कामही देईन.

आपला,
एक लघुउद्योजक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर