ग्रीसमधल्या मिलोस बेटावरच्या पिवळ्या कयाकवालीला, मनापासून थँक्यू

तुझं नाव इथे टाकत नाही, तुला विचारलेलं नाहीये म्हणून. पण हे तुलाच आहे, ट्रान्सलेट करून वाच.

त्या दिवशी मेल्तेमी जोरात होता, जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात हा उत्तरेचा वारा असतोच. उत्तर किनाऱ्यावरच्या सारकिनिकोच्या पांढऱ्या खडकांवर लाटा नुसत्या आपटत होत्या, म्हणून सगळे म्हणाले दक्षिणेच्या बीचवर जा, तिकडे शांत असतं. होतंच शांत, अगदी तळ्यासारखं. आणि तिथे भाड्याने बोर्ड देणाऱ्या एका महाशयांनी आमच्या चौदा वर्षांच्या ओमच्या हातात पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायचा बोर्ड, दिला, पोहता येतं का विचारलं नाही, पाय बोर्डला बांधून ठेवणारी दोरी, लीश, नाही, लाईफ जॅकेट मागितलं तर म्हणे लाटाच नाहीत, कशाला हवंय! पैसे मात्र आधी मोजून घेतले. अहो वारा उत्तरेचा, म्हणजे दक्षिणेच्या किनाऱ्यावर तो जमिनीकडून समुद्रात जातो, लाट उठत नाही पण फुगवलेला बोर्ड सरळ बाहेर ढकलतो, रोज तिथे धंदा करणाऱ्याला हे माहीत नसेल होय? ओम वल्हवतोय आणि लांबच जातोय. मी धावत त्या माणसाकडे गेले तर म्हणाला, येईल परत. येईल परत म्हणे!

तू कुठून बघितलंस देव जाणे. स्वतःचा कयाकिंगचा ग्रुप वाळूत बसवलास आणि निघालीस. ‘पालथा झोप, बोर्ड सोडू नको’ एवढंच ओरडून सांगितलंस असं ओम म्हणतो, उभ्या माणसाला वारा जास्त ढकलतो हे त्याला आता पाठ झालंय. दोरी बांधून ओढत आणलंस त्याला.

पण मला सारखं आठवतं ते त्यानंतरचं. तो टॉवेलमध्ये कुडकुडत होता, मी परत कधी पाण्यात जाणार नाही म्हणत होता, आणि आम्ही सगळे एकाच वेळी त्याला कुरवाळत पण होतो आणि ओरडत पण होतो. तू लेक्चर दिलं नाहीस. मूठभर कोरडी वाळू घेऊन हळूहळू सोडलीस, ती सगळी समुद्राकडे उडाली, त्याने बघितलं. मग त्याला जॅकेट घातलंस, दोन्ही खांदे धरून वर ओढलंस, ते कानापर्यंत आलं, काढलंस, लहान साईझ आणलंस, बक्कल लावून परत ओढलंस, जागचं हललं नाही. आणि त्याला कमरेएवढ्या पाण्यात नेऊन उताणं तरंगवलंस, डोक्याखाली तुझा तळहात, तो हसेपर्यंत तसाच. तुझा पैसे भरलेला ग्रुप तिकडे थांबला होता, एकानेही कुरकुर केली नाही, त्यांनाही थँक्यू सांग.

आपल्याकडे कोकणातही बघितलंय मी, जॅकेट फोटोपुरतं, बक्कल लागलं काय नि लटकलं काय. आमचे हे म्हणतात नशीब बलवत्तर. नशीब कसलं, ज्यांनी तुला एक युरो दिला नव्हता त्यांच्या पोरावरही तुझी नजर होती. अशी माणसं असतात म्हणून आमच्यासारखे लोक पोरंबाळं घेऊन परक्या मुलखात फिरतात.

पैसे तू घेतलेच नाहीस. ओमच्या आजीने बेसनाचे लाडू करायला घेतलेत, तेव्हा पत्ता पाठव, आणि काजूची अ‍ॅलर्जी वगैरे असेल तर लगेच कळव, त्या भरपूर घालतात.