इंदूरच्या ताईंना, बडोद्याहून

ताई, सप्रेम नमस्कार.

वडिलांच्या जुन्या संगणकातल्या फाइली तुम्ही बाहेर काढून दिल्यात, त्याचे परवा फोनवर आभार मानायला गेलो आणि घसा भरून आला, अर्धंच बोललो. म्हणून लिहितो, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहितो.

दांडिया बाजारातल्या आमच्या छापखान्यात खिळे जुळवणं थांबलं तेव्हा वडिलांनी ४८६ जातीचा संगणक घेतला होता. बडोद्यातल्या किती मराठी घरांच्या लग्नामुंजीच्या पत्रिका आणि गणेशोत्सवाचे कार्यक्रम त्यावर जुळले असतील! वडील गेले, यंत्र राहिलं. फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडलेला. हार्ड डिस्क इतकी जुनी की यूएसबीच्या जोडणीला ती दिसतच नाही. फाइलींना बाहेर पडायला एकच दार उरलं होतं, आतलं नेटवर्क कार्ड, तेही एनई २००० या जुन्या कार्डाची कुणीतरी केलेली नक्कल.

तुमच्याआधी दोन दुकानं झाली. एकानं यंत्र दोन महिने ठेवून घेतलं, तपासणीचे पैसे घेतले आणि झाकणाचे स्क्रू हरवून परत दिलं. दुसऱ्यानं न उघडताच सांगितलं, "काका, भंगारात काढा." येत नाही म्हणाले असते तर मला राग नव्हता. पण बघायचेही कष्ट घेतले नाहीत, ते अजून सलतं.

तुम्ही मेमरी कार्ड कुरियरनं पाठवलंत, त्यावरून लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली सुरू झाली, पण नेटवर्क कार्ड काही सापडेना. पडद्यावर येई, खूण चुकीची आहे. तुम्ही मला समजावलंत की अशा कार्डाच्या पोटात एक छोटी नोंद असते. सुरुवातीचे सहा आकडे कार्डाचा पत्ता, त्यातले पहिले तीन बनवणाऱ्या कंपनीचे, आणि पुढे एका ठरलेल्या जागी ५७, ५७. आमच्या कार्डात ते ५७ नव्हतेच. अशा बिघडलेल्या नकलांसाठी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या लिनक्सच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, वेगळी यादी आहे, त्यात कंपनीचे तीन आकडे घातले की कार्ड चालतं.

म्हणजे सगळी भिस्त त्या तीन आकड्यांवर. मोबाईलनं पडद्याचा फोटो काढला की काळे पट्टे येत, म्हणून मी चष्मा लावून फोनवर वाचून दाखवत होतो. ताई, तुम्ही तीनदा वाचायला लावलंत, आणि दर वेळी म्हणालात, "माझ्याच ऐकण्यात काही चुकलं असेल काका, सावकाश वाचा, मला घाई नाही." तिसऱ्यांदा मी पडद्याजवळ नाक नेऊन बघितलं. मी ज्याला ८ म्हणत होतो तो इंग्रजी बी होता; असल्या आकड्यांत अक्षरंही येतात.

तुमच्या ऐकण्यात काही चुकलं नव्हतं. चूक माझ्या डोळ्यांची होती, आणि ती तुम्हाला पहिल्याच वेळी कळली असणार, कारण तसे आकडे कुठल्या कंपनीचे नाहीत हे तुम्ही नंतर बोलता बोलता सांगून गेलात. तरी ती स्वतःवर घेतलीत. त्या दोन दुकानांत मी ज्या पडेल चेहऱ्यानं उभा होतो तो चेहरा तुम्ही मला पुन्हा करू दिला नाहीत. यंत्र चालू झालं नसतं तरी मी हे पत्र लिहिलंच असतं.

त्या ड्रायव्हरच्या माथ्यावर डोनाल्ड बेकर यांचं नाव आणि १९९२ ते ९४ ही सालं आहेत, असं तुम्ही दाखवलंत. ज्यांना कधी बघितलंही नाही अशा माणसांच्या बिघडलेल्या कार्डांसाठीसुद्धा तिथे जागा ठेवलेली! ४८६ च्या आधीच्या ३८६ चा आधार लिनक्सच्या कर्नलमधून, म्हणजे गाभ्यातून, २०१२ मध्येच काढला गेला, त्यामुळे आमच्यासारख्यांचे दिवस मोजके असतील, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. खोटी आशा दाखवली नाहीत. असं खरं बोलून वर मदत करणारं माणूस मला फार वर्षांनी भेटलं.

रात्री साडेअकराला कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि फाइली एकेक करून इकडे आल्या. वडिलांचा जुना फाँट दुसऱ्या दिवशी सापडला, तोवर नुसती चिन्हांची रांग दिसत होती.

पैसे विचारले तर म्हणालात, "एक पत्रिका छापून पाठवा." पाठवली आहे. १९९४ मधल्या मुंजीची आहे, आमच्याच जुन्या पिवळ्या कागदावर. उजव्या कोपऱ्यात कोयरी दिसेल, ती वडील प्रत्येक पत्रिकेत घालत.

आपला,
दांडिया बाजारातला छापखानेवाला काका